गच्चीवरच्या हाणामारीची चोरी

"गुन्हा कितीही खोल गेला तरी माझी नजर त्याच्याही वीतभर खाली असते," हे वाक्य मीटरवाल्यांनी स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतलं होतं. त्याखाली 'शोधसम्राट' आणि त्याखाली 'एकतीस वर्षांचा अनुभव'. हा अनुभव घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचण्याचा होता, एवढं मात्र छापायचं राहून गेलं होतं. कुणी खोदून विचारलंच तर मीटरवाले शांतपणे म्हणत, "एकतीस वर्षं मी लोकांच्या जिन्याखाली आणि दाराआड बॅटरी मारून पाहिलंय. दुसऱ्या कुठल्या गुप्तहेराला लोकांनी स्वतः दार उघडून आत घेतलंय, सांगा." निवृत्तीनंतर त्यांनी अकरा प्रकरणं हाती घेतली होती. नऊ अजून चालू होती. उरलेल्या दोन प्रकरणांत हरवलेली वस्तू आपण होऊन घरी आली. त्यातली एक वस्तू मांजर होती.

या कारकिर्दीचा लेखनिक, हमाल आणि एकुलता एक श्रोता म्हणजे टेलर. दोघं साडू. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे हे दोघं एकमेकांच्या गळ्यात पडलेले. टेलरच्या गळ्यात अंमळ जास्तच. थोरल्या साडूला नाही कसं म्हणायचं, हा प्रश्न टेलरला लग्नाच्या मांडवापासून सुटलेला नव्हता.

टेलरचा जीव खरा गुंतला होता तो 'मुखवटा मंडळा'त. मुखवटा घालून उडणाऱ्या नायकांच्या जुन्या सिनेमांवर मनापासून प्रेम करणारी दहा-अकरा माणसं दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमत. अध्यक्ष दाताचे डॉक्टर. दैवत वादळवीर. आणि वादळवीराच्या सिनेमातलं सगळ्यात मोठं पुण्य म्हणजे गिरणीच्या गच्चीवरची हाणामारी: सात मिनिटं अकरा सेकंद, नऊ गुंड, एक शिडी. हल्लीचे नायक एका बुक्कीत अख्खं शहर पाडतात आणि त्यांचा भांगसुद्धा मोडत नाही, याचं मंडळाला कायमचं दुःख होतं. वादळवीराच्या बुक्कीचा आवाज कधी आधी यायचा, कधी मागाहून, आणि एक गुंड तर बुक्की पोचायच्या आतच पडायचा. पण पडायचा तो खराखुरा. पाचव्या मिनिटाला वादळवीर उडतो तेव्हा त्याच्या पाठीला बांधलेली तार चक्क दिसते. ती दिसली की सगळं मंडळ आदराने उभं राही. टेलरचा डोळा मात्र झग्यावर. तिसऱ्या मिनिटाला झग्याचं अस्तर उसवतं, चौथ्या मिनिटाला ते शिवलेलं असतं, आणि ती टीप इतक्या घाईची आहे की त्या अनोळखी शिंप्याला एकदा भेटून चहा पाजावा असं टेलरला दर रविवारी वाटे.

या सिनेमाची एकच कॅसेट मंडळाकडे होती. एक व्हिडिओचं दुकान बंद पडलं तेव्हा डॉक्टरांनी ती उचलून आणली, त्याला अठरा वर्षं झाली. तिच्यावरची चिठ्ठी कधीच निघून गेली होती. टेप जुनी, उगीच पुढेमागे केली तर तुटेल, म्हणून यंत्राच्या बटणाला डॉक्टरांखेरीज कुणी हात लावायचा नाही. लढाई संपली की डॉक्टरच ती पुन्हा लढाईच्या तोंडाशी आणून डब्यात ठेवत. पुढच्या रविवारी नुसतं बटण दाबायचं.

एका गुरुवारी टेलरच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ कोट ढिला करून घ्यायला आले. माप घेताना त्यांचा डावा खांदा उजव्याहून दीड इंच खाली निघाला. टेलरचा हात थांबला. शिडीवरून पडलेला वादळवीर उठतो, तेव्हा त्याचा डावा खांदा अस्साच खाली असतो.

"आजोबा, तुम्ही पूर्वी कुठं पडला होतात का?" टेलरने विचारलं.

"गिरणीच्या गच्चीवर, शिडीवरून," आजोबा म्हणाले. "चार वेळा. तिसऱ्यांदाचं पडणं घेतलंय सिनेमात."

पोस्टरवरचा देखणा नट चेहरा दाखवायच्या कामाचा होता. मुखवटा चढला की आत हे आजोबा असायचे. सिनेमाच्या पाट्यांमध्ये यांचं नाव नव्हतं, आणि खांदा गेल्यावर ते एका गोदामात कामाला लागले ते कायमचेच. टेलरने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. आजोबांना मात्र त्याच्या कौतुकाचं फारसं काही नव्हतं. "मुलीला एकदा दाखवायचं होतं," ते म्हणाले. "तिला हे पटत नाही. अलीकडे पुन्हा विषय काढला तर म्हणते, बाबा, गोष्टी पुरे आता. बुधवारी नोकरीसाठी लांब जातेय ती. मग कुठलं दाखवणं."

टेलरने शब्द दिला. रविवारी पाच वाजता मुलीला घेऊन या, मंडळ तुमची लढाई तुम्हाला दाखवेल.

रविवारी तीन वाजता डॉक्टरांनी सहज म्हणून कॅसेट लावून पाहिली. गच्ची नाही, गुंड नाही, शिडी नाही. एक बाई स्वयंपाकघरात इस्त्री करत होती. एक माणूस घरभर काहीतरी शोधत होता.

"माझी छत्री कुठाय?" तो म्हणाला.

"दाराच्या मागे," बाई म्हणाली.

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी यंत्र बंद केलं. आता दोन तासांनी त्या माणसाला तोंड कसं दाखवायचं, एवढाच विचार टेलरच्या डोक्यात घुमत राहिला.

वाचनालयाच्या नव्या बाई, सोमवारीच रुजू झालेल्या, रजिस्टर घेऊन दारात उभ्या होत्या. "ती कॅसेट ना," त्या म्हणाल्या, "ती मी..."

"कुणीही काहीही बोलायचं नाही," मागून आवाज आला. बॅटरी, भिंग आणि वही घेऊन मीटरवाले आत शिरले. साडू घाईने जेवून निघाला म्हणजे काहीतरी शिजतंय, हे ओळखून ते मागोमाग आले होते. हा त्या दिवशीचा त्यांचा एकमेव बरोबर निघालेला अंदाज.

सगळं ऐकून त्यांनी डोळे मिटले. "कॅसेट बदलली आहे," ते म्हणाले. "चोर शिकलेला आहे. अशिक्षित चोर डबा रिकामा ठेवतो."

"पुढं ढकलून बघू का जरा?" टेलरने विचारलं.

"पुराव्याला हात लावायचा नाही, साडूभाऊ."

"आणि टेप तुटेल," डॉक्टर कण्हले.

मग मीटरवाल्यांनी भर दुपारी बॅटरी लावून जमीन तपासली. कपाटापाशी धुळीत बुटांचे ठसे मिळाले. चालणारा माणूस वयस्कर, स्थूल आणि चिंताग्रस्त आहे, असं त्यांनी सांगितलं. ते बूट डॉक्टरांच्या पायात होते.

"म्हणजे संशयित पहिला," मीटरवाल्यांनी वहीत लिहिलं. "डॉक्टर, एखादी गोष्ट मुळासकट नाहीशी करणं हा तुमचा रोजचाच धंदा. बरोबर?"

"अहो, मी कीड लागलेले दात काढतो."

"कबुली," मीटरवाले पुटपुटले.

दुसरा संशय समोरच्या मोबाइलवाल्यावर. तो नव्या सिनेमांचा भक्त. मंडळाच्या लाडक्या लढाईला एकदा भर रस्त्यात 'दोरीवरचे कपडे' म्हणाला होता. टेलरला त्याच्याकडे पिटाळण्यात आलं. तो दहा मिनिटांत परतला.

"तो म्हणतो, फुकट दिलीत तरी कॅसेट नको. लावू कशावर, विचारतो."

"पाहिलंत? लावायचं कशावर इथपर्यंत त्याचा विचार झालेला आहे."

"अहो साहेब, मी एवढंच सांगत होते..." बाई पुन्हा म्हणाल्या.

"बाई, साक्षीदाराची पाळी आली की बोलावू," मीटरवाले म्हणाले. "तुम्ही आठवड्याच्या सुरुवातीला आलात. तुम्हाला यातलं काही माहीत असणं शक्य नाही."

घड्याळात सव्वाचार झाले. मीटरवाले आता टेलरच्या शर्टाकडे रोखून बघायला लागले होते. खिशाला लोहचुंबक लटकत होतं, दुकानात खाली सांडलेल्या टाचण्या उचलायचं. मीटरवाल्यांचा चेहरा उजळला आणि लगेच दुःखी झाला.

"चुंबकाने टेप पुसली जाते, साडूभाऊ. हे तुम्ही केलंत. घरातच गुन्हेगार निघावा, यासारखं दुसरं दुर्दैव नाही. पण मी कर्तव्याला चुकणार नाही."

अठरा वर्षांत टेलर या माणसावर कधी चिडला नव्हता. आज चिडला. "चुंबकाने टेप पुसली जाते हे खरं," तो म्हणाला. "चुंबकाने बाई इस्त्री करायला लागते का?"

मीटरवाल्यांनी यावर बराच वेळ विचार केला. "चुंबक मोठं असेल तर," ते शेवटी म्हणाले.

पाचला पाच कमी असताना आजोबा आले. टेलरने ढिला करून दिलेला कोट अंगात होता आणि केस पाण्याने चापून बसवले होते. मागे पस्तिशीची मुलगी, खांद्याला पर्स, नजर घड्याळावर. मंडळातली सगळी माणसं उठून उभी राहिली. टेलर पुढे झाला. शब्द दिलेला असल्यामुळे तो मोडल्याचं सांगायचं कामही त्याचंच होतं.

"आजोबा, माफ करा. कॅसेट गेली. कुणीतरी बदलली."

आजोबांनी मान डोलावली. कोटाचं एक बटण त्यांनी उगाच काढलं आणि पुन्हा लावलं.

"झालं," मुलगी म्हणाली. त्यात चीड नव्हती, नुसता कंटाळा होता, आणि टेलरला तोच जास्त लागला. "चला बाबा. मला सामान बांधायचंय अजून."

"थांबा," मीटरवाले म्हणाले. तपासाची प्रगती पाहुण्यांना दाखवल्याशिवाय जाऊ देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. "गुन्हेगाराने काय भरून ठेवलंय ते तरी बघून जा. थंड डोक्याचं काम आहे." आणि डॉक्टर नको नको म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलंसुद्धा.

बाई इस्त्री करत होती. छत्री दाराच्या मागे सापडली. मग घंटा वाजली, माणसाने दार उघडलं, आणि दारात एक पोस्टमन उभा होता. कुरळे केस, लांब नाक, विशीतला पोरगा.

"रजिस्टर आहे. सही करा," पोस्टमन म्हणाला.

"हा मी," आजोबा म्हणाले.

खोलीत सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"वादळवीराचाच सिनेमा आहे हा. पहिला सीन. पोस्टमनचं काम करणारा त्या दिवशी आलाच नाही. मला म्हणाले, तू दुपारपर्यंत रिकामाच आहेस, हो उभा." ते जरा हसले. "मी विसरूनच गेलो होतो."

"म्हणजे," डॉक्टर चाचरत म्हणाले, "या सिनेमाला पहिला सीन आहे?"

"मी दुपारपासून तेच तर सांगतेय," वाचनालयाच्या बाई म्हणाल्या. "सोमवारी कपाट आवरताना सगळ्या कॅसेटी गुंडाळून सुरुवातीला आणून ठेवल्या. तसा नियमच असतो. ही एकच कुणीतरी भलतीकडेच सोडलेली होती. म्हटलं, असतात एकेक निष्काळजी लोक."

मंडळातली माणसं एकमेकांची नजर चुकवायला लागली. व्हिडिओच्या दुकानातून आली तीसुद्धा ही कॅसेट लढाईवरच थांबलेली आली होती. अठरा वर्षं दर रविवारी भक्तिभावाने जमून त्यांच्यापैकी एकाही माणसाने वादळवीराचा सिनेमा पाहिलेला नव्हता.

"मला बाईंचा संशय पहिल्यापासून होता," मीटरवाले म्हणाले. "म्हणून तर मी त्यांना बोलू देत नव्हतो."

कुणी ऐकलं नाही. मुलगी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली होती. पोस्टमन सायकलवर बसून निघून गेला तरी ती तिथेच होती. मग तिने पर्स खांद्यावरून उतरवली आणि म्हणाली, "बंद करू नका. चालू द्या."

डॉक्टरांनी सवयीने बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. सगळ्यांनी सिनेमा पाहिला. मंडळाला एकामागून एक धक्के बसत गेले. गिरणी का पेटली होती ते कळलं. नववा गुंड, ज्याच्या पडण्यावर मंडळ दर रविवारी शिट्ट्या मारायचं, तो वादळवीराचा धाकटा भाऊ निघाला. त्या दिवशी शिट्टी कुणी मारली नाही. टेलर झग्याचं अस्तर बघायचं विसरला.

मुखवटा घातलेला माणूस शिडीवरून खाली आला, दगडी फरशीवर पडला आणि डावा खांदा खाली टाकून उठला. मुलीने मान वळवून वडिलांच्या खांद्याकडे पाहिलं.

सिनेमा संपल्यावर ती वडिलांशेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "बाबा, तिसरीत शिक्षिकेनं सगळ्यांना विचारलं होतं, वडील काय करायचे. मी सांगितलं, वादळवीर होते. अख्खा वर्ग हसला. पोस्टरवर दुसऱ्याच माणसाचं तोंड होतं ना. सगळे मला खोटारडी म्हणायला लागले. तेव्हापासून मी गोदाम सांगायला लागले. तुम्हाला कधी बोलले नाही."

"मला माहीत होतं," आजोबा म्हणाले. "शिक्षिकेनं मला शाळेत बोलावून घेतलं होतं. मुलीच्या डोक्यात असलं काही भरवू नका म्हणाल्या."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"माफी मागितली," आजोबा म्हणाले. "पुन्हा असं होणार नाही म्हटलं. तुला त्या वर्गात बसायचं होतं ना अजून."

मुलीने तोंडावर हात ठेवला. काही वेळाने डोळे पुसून ती डॉक्टरांकडे वळली. "तो पोस्टमन पुन्हा एकदा बघता येईल का?"

डॉक्टरांनी टेप मागे न्यायचं बटण दाबलं. सगळी कॅसेट गुंडाळून व्हायला पाचेक मिनिटं लागली. यंत्र आत घरघरत होतं आणि तोवर कुणी काही बोललं नाही, मीटरवालेसुद्धा.