कवळीच्या खोक्यातला पाइप

मी कवळ्या बनवते. फुशारकी मारत नाही, पण मी पॉलिश केलेली कवळी तोंडात बसली की माणसं विनाकारण हसत सुटतात! भांडताना हसतात, पासपोर्टच्या फोटोत हसतात! त्यामुळे सासऱ्यांचा पाइप फुटला तेव्हा मी ऐटीत जाहीर करून टाकलं, "त्यात काय एवढं? मी बनवते नवा!"

मी विमान बनवते म्हटल्यासारखं नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"अगं, तू दात बनवतेस!"

"मग पाइप कशात धरतात?"

नवऱ्याने कपाळाला हात लावला.

बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, तंबाखू डॉक्टरांनी केव्हाच बंद केली होती. पण रिकामा का होईना, पाइप दातांत धरल्याशिवाय त्यांना मुळी सुचायचंच नाही. तो तोंडात गेला की शेजाऱ्यांच्या पडद्यांपासून जगाच्या राजकारणापर्यंत सगळ्यावर मत तयार! एक दिवस तो गॅलरीतून खाली पडला, वरून ट्रक गेला, आणि बाबा गप्पच झाले. आम्ही दुकानातून नवा आणून दिला. त्यांनी तो हातात फिरवला, "छान आहे" म्हणाले आणि कपाटात ठेवून दिला. खोट न काढता बाबा "छान" म्हणाले, म्हणजे काळजीचीच गोष्ट! जेवताना त्यांचा हात मधूनच ओठांशी जायचा आणि तसाच खाली यायचा. मला ते बघवेना.

एका मोडक्या खुर्चीचा पाय मिळवला. गडद, घट्ट लाकूड! लॅबमधलं काम आटोपलं की मी कोरायला बसायची. तंबाखू भरायची वाटी झकास जमली. मग दांडीतून वाटीच्या तळापर्यंत भोक पाडायला घेतलं. ड्रिलने वाटीला साफ चुकवलं आणि थेट पोटातून बाहेर डोकं काढलं! आता बुजवायला हाताशी काय, तर कवळीच्या हिरड्यांचं गुलाबी मटेरियल. म्हटलं, चालतंय! बुजवलं. पाइपला खालून हिरडी फुटली. तिच्यावर गडद रंग चढवला, नवं भोक नीट पाडलं, मग घासायला सुरुवात केली. एक ओरखडा घालवावा तर शेजारी दुसरा हजर! दोन्ही घालवले तर दांडी तिरकी दिसायला लागली. दांडी सरळ केली तर वाटी रुसल्यासारखी. पण मेण लावून कापडाने चोळचोळ चोळल्यावर गडी असा चकाकला, की त्यात मला माझं नाक दिसलं!

मऊ कापडात गुंडाळून मी तो लॅबच्या पांढऱ्या खोक्यात ठेवला. शेजारी दाताच्या दवाखान्यात पाठवायचं, एका आजींच्या कवळीचं तसलंच पांढरं खोकं होतं. घात झाला तो इथेच!

बाबांच्या वाढदिवशी सकाळी मी खोकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उघडलं. आत अख्खी बत्तीशी! वरची, खालची, लखलखीत आणि त्यांच्याकडे बघून हसणारी!

बाबांनी जिभेने स्वतःचे दात चाचपले. सगळे जागेवर होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "माझे आहेत ते पाडणार केव्हा?"

नवऱ्याला पाणी पिता पिता ठसका लागला. मी तोंड उघडणार तेवढ्यात फोन वाजला. दाताचे डॉक्टर!

"मॅडम, आजींच्या खोक्यात तुम्ही काय पाठवलंय?"

"डॉक्टर, ते तोंडात घालू देऊ नका हं!"

"घातलंय त्यांनी!"

मी कवळी उचलली आणि चपला शोधायला लागले. बघते तर बाबा दारात, बूट घालून तयार!

"बाबा, तुम्ही कुठे?"

"माझी भेट दुसरंच कोणी वापरतंय. बघायला नको?"

दवाखान्यात खुर्चीवर एक बोळक्या तोंडाच्या आजी पाइप धरून आरशात बघत होत्या. एखाद्या जहाजाच्या कप्तान असाव्यात असा थाट!

"बसलंय हो," त्या मला म्हणाल्या, "पण याने चावायचं कसं?"

मी शरमेने अर्धी झाले. घाईघाईने कवळी डॉक्टरांना दिली. त्यांनी ती आजींना बसवली आणि आजी आरशात बघून अशा गोड हसल्या, की बाबासुद्धा क्षणभर बघत राहिले.

"पण दांडी जरा जाड आहे बाई," पाइप परत देताना आजी म्हणाल्या. "ओठ मिटत नाहीत नीट."

"मलाही इथूनच वाटलं होतं ते," बाबा म्हणाले.

पाइप मी घेणार, तोच डॉक्टर मध्ये आले. "असा कसा देईन? निर्जंतुक करून देतो!" नको नको म्हणेपर्यंत त्यांनी तो वाफेच्या यंत्रात घातला. बाहेर आला तो ओळखू येईना! मेण वितळलेलं, रंग उडालेला, लाकूड भिजलेल्या पावासारखं फुगलेलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकी घासाघीस, इतकी चोळाचोळ, सगळी वाफेत!

बाबांनी तो हातात घेतला. उलटा केला.

"हे गुलाबी काय आहे?"

"हिरडी," मी पुटपुटले. "भोक चुकलं होतं."

बाबांनी पाइप दातांत धरला, डोळे मिटले.

"अगदी भिकार आहे!" ते म्हणाले. "वाटी रुंद, दांडी जाड, उतार तर साफ चुकलाय! सूनबाई, घरी पॉलिश पेपर आहे का?"

मी नाक पुसत मान हलवली. "आहे, बाबा."

घरी जाताना रिक्षात बाबा अखंड बोलत होते. डॉक्टरांच्या यंत्रावर, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर, आजींच्या हसण्यावर. रिक्षावाला मागे वळून वळून बघत होता. मला मात्र घर जरा लांब असतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

तेव्हापासून संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत बसतो. मी घासते, बाबा खोट काढतात. मग बाबा घासतात आणि मी खोट काढायचं धाडस करते. "अजून थोडं राहिलंय," असं म्हणून ते रोज पाइप कापडात गुंडाळून ठेवतात. पूर्ण कधी होणार, हे मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. फक्त घासून घासून दांडी आता उदबत्तीएवढी झाली आहे, म्हणून मी काल गुपचूप लाकडाचा आणखी एक तुकडा आणून ठेवलाय. चांगला जाडजूड!