बुजगावण्यास मुजरा

"तीन-तीन पाट्या! गवत कापू की पाट्यांभोवती गिरक्या मारू?"

ऐसे उद्गार लॉइड राइशमन यांचे मुखातून गवतकापणीच्या यंत्राच्या घरघराटावर मात करून निघाले, ते स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी विसळीत उभ्या असलेल्या त्यांच्या कुटुंबाचे, डोरिनबाईंचे, कानी आले, आणि बाईंनी हात पुसून फर्मान सोडिले जे, पाटी एकही काढू नये, मंगळवारपर्यंत गवत वाढले तरी बेहत्तर. येथूनच मोहिमेस तोंड फुटले.

जे जैसे घडले तैसे लिहावे, कोणाची भीड धरू नये, परंतु उद्या दुकानात गाठ पडली असता मान खाली घालावी लागेल ऐसेही लिहू नये, ऐशी दुहेरी कसरत पत्करून कान्सास सुभा, परगणे वेल्डन, येथील ऑगस्ट महिन्याची ही हकीकत लेखनात आणिली असे.

प्रसंग ऐसा जे, परगण्याचे रस्ते, पूल व मोऱ्या ज्यांच्या हुकमतीत असतात त्या कमिशनरकीच्या मसनदीसाठी रिपब्लिकन पक्षाने आपला उमेदवार पक्षातल्या पक्षात मते घेऊन ठरवावयाचा होता. दुसऱ्या पक्षाने या परगण्यात उमेदवार उभा केल्याला एक पिढी लोटली, म्हणोन जो या लढाईत जिंकला तो जिंकलाच, नोव्हेंबरची लढाई नुसती शिक्का उठविण्यापुरती. मसनदीस दावेदार तिघे, आणि तिघांच्याही प्रचाराच्या पाट्या लॉइड यांच्या गवतात.

प्रथम खासे एल्विन राइशमन, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. अकरा भावंडांत हे पहिले आणि लॉइड अकरावे. अठ्ठावीस वर्षे मसनद यांजकडे बहाल. पराक्रम सांगावा तरी किती! ज्या हिवाळ्यात तीन दिवस बर्फ पडून मुलूख गाडला गेला आणि डोरिनबाईंस कळा लागल्या, तेव्हा एल्विन खासा बर्फ सारणाऱ्या यंत्रावर स्वार जाले, आणि अकरा मैल रस्ता फोडीत पुढे चालले, आणि मागून लॉइड यांची गाडी, आणि मग इस्पितळाच्या दारात पोहोचताच कन्या कॉनी उपजली. त्या कन्येस आज सव्विसावे वर्ष, आणि डोरिनबाईंचे मत तेव्हापासून प्रत्येक खेपेस एल्विन यांच्याच पदरी.

दुसरे ट्रेंट कॅलोवे. दोन वर्षांमागे विचिटा शहराहून येऊन चाळीस एकर घेतले, घोडा एक, टोप्या अनेक. तिसरी मारला हूबर, परगण्याचे खडीचे रस्ते सारखे करणारे ग्रेडर यंत्र एकोणीस वर्षे हाकणारी. यंत्र तिच्याहून थकलेले, परंतु नवे मागितले नाही. मोडेल तितके दुरुस्त करून चालवावे, ही तिची रीत.

आता डोरिनबाई या पक्क्या जुन्या वळणाच्या. त्यांच्या वडिलांची शिकवण ऐशी जे, जे चालते आहे ते मोडू नये, आणि मोडलेच असेल तर टाकण्याआधी दुरुस्त करून पाहावे. म्हणोन बाईंनी मसनदीचा मामला मनाच्या तराजूत घालून, भीड व ममता एका पारड्यात आणि घराजवळची मोरी दुसऱ्यात, ऐसा तोल चालविला. मोरी म्हणजे दीड मैलावरच्या वळणाखालची. ती बुजल्याने प्रत्येक पावसास रस्ता वाहून जाई, आणि एप्रिलात शाळेची बस तेथे रुतून चौदा पोरे ट्रॅक्टराने बाहेर काढावी लागली.

आगीच्या बंबांच्या शेडात पॅनकेकचा नाश्ता होता, तेथे तिन्ही दावेदार उलथणी घेऊन उभे. बाईंनी ट्रेंट यांस मोरीचा सवाल टाकिला. त्यांनी आवाज चढवून उत्तर केले जे, राजधानीत गनीम मातला आहे, त्याचे पारिपत्य केल्यावाचून हा ट्रेंट मागे फिरणार नाही. बोलण्याच्या भरात पॅनकेक करपला, तो बाईंच्याच ताटात आला.

"राजधानी बाराशे मैलांवर," लॉइड सिरप ओतीत पुटपुटले. "मोरी दीड मैलावर. हा उलटा निघालाय."

"हळू बोल, ऐकेल."

"ऐकत असता तर काय हवं होतं!"

मग बाई मारलाकडे वळल्या. मारला उलथण्यावरची नजर न काढिता म्हणाली, "तुमच्याकडे पाणी उत्तरेच्या अंगानं येतं, डोरिन. मोरी दोन्ही तोंडांनी बुजलीय. मी दोनदा लिहून दिलं कमिशनर साहेबांना. उत्तर नाही." इतके बोलून एक गोल, सोनेरी, कोठेही न करपलेला पॅनकेक बाईंच्या ताटात ठेविला. बाईंनी तो खाल्ला, परंतु घास गोड लागेना, कारण एल्विन आलेले पत्र वाचल्यावाचून ठेवणारे गृहस्थ नव्हेत, हे त्या जाणून.

या मुलखाचा एक दस्तूर येथे नोंदणे अवश्य. खडीच्या रस्त्यावर समोरून गाडी आली म्हणजे चाकावरचा हात न उचलिता एक बोट, तर्जनी, उभे करावे. दोन बोटे नव्हेत, पंजा नव्हे. हा एकबोटी मुजरा ज्याने चुकविला, त्याच्या घराशी तीन वर्षे अबोला पडल्याचे दाखले आहेत. ट्रेंट कॅलोवे खिडकीतून अखंड बाहू बाहेर काढून बुडत्या माणसासारखा हालवीत, म्हणोन ते दोन वर्षे राहूनही परकेच. मारलाचे बोट अचूक. आणि एल्विन यांचे बोट म्हणजे परगण्याचा मानदंड, शाळकरी पोरे गाडी शिकताना त्याची नक्कल करीत.

मतदानाआधीच्या रविवारी चर्च सुटल्यावर गाड्यांची स्वारी घराकडे निघाली. आघाडीस एल्विन यांची पांढरी पिकअप, मागे लॉइड व डोरिनबाई, त्यामागे आणखी सहा गाड्या, लिहिणार पाचवीत. लायकर यांचा कलिंगडांचा मळा आला. तेथे जुनी विजार व गवती टोपी घातलेले बुजगावणे कुंपणाशी उभे. एल्विन यांनी गाडी मंदावली, आणि तर्जनी उचलून त्यास मुजरा केला. पुढे टपालाची पेटी आली, तीसही केला. पुढे पांढऱ्या कापडात गुंडाळिलेला चाऱ्याचा गठ्ठा आला, त्यासही केला, आणि गठ्ठ्यास तर किंचित मानही लवविली.

सात गाड्यांतील वीस असामींनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिले, आणि दुपारच्या पंगतीत वीसही असामी चेरीच्या 'पाय' नामक पक्वान्नावर बोलत राहिल्या. पक्वान्न उत्तम जाले होते, परंतु पाऊण तास बोलण्याजोगे नव्हते.

"ऊन फार होतं आज," लॉइड अखेरीस म्हणाले.

"फार," डोरिनबाई म्हणाल्या.

"काचेवर चमकतं."

"चमकतं खरं."

एल्विन मान न उचलिता जेवीत होते. मग त्यांनी मिठाची बाटली मागितली, जी त्यांच्या ताटाशीच होती, आणि कॉनीने ती उचलून त्यांच्या हाती दिली, आणि कोणी कोणाकडे पाहिले नाही.

मंगळवार उगवला. या खेपेस परगण्याच्या कचेरीने चिठ्ठ्या उडवून मतपत्रिकेवरील नावांचा क्रम फिरविला होता, ऐसा जाहीरनामा दारी डकविलेला, परंतु बारीक अक्षरांमुळे वाचिला कोणी नाही. डोरिनबाई पडद्याआड शिरल्या आणि लेखणी हाती घेतली. तीन गोल, तीन नावे. बर्फ आठवले, अकरा मैल आठवले, यंत्रावर बसलेल्या माणसाची लाल टोपी आठवली. मग चिखलात रुतलेली बस आठवली. पडद्याबाहेरच्या कारकुनीणबाई खाकरल्या, एकदा, दोनदा. तिसऱ्या खाकरण्यास बाईंनी गोल भरिला. तो एल्विन यांचा नव्हता. बाहेर येताच छातीवर 'मी मत दिले' ही चिकटपट्टी लाविली, ती उलटी लागली.

दारातच एल्विन भेटले, भिंतीस हात लावीत आत येत होते.

"काय गं डोरिन, झालं?"

"झालं," बाई म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरल्या.

संध्याकाळी सूर्य कासराभर वर असता कचेरीच्या दारावर कागद लागला. त्याचा तपशील ऐसा: मारला हूबर एकशे त्रेचाळीस, एल्विन राइशमन एकशे बेचाळीस, ट्रेंट कॅलोवे सत्त्याण्णव. येणेप्रमाणे वेल्डन परगण्याची मसनद अठ्ठावीस वर्षांनी हात बदलती जाली, रक्त सांडले नाही, आणि पॅनकेक एकच करपला. फत्ते मारलाची, एका मताने. ट्रेंट यांनी उसळून फेरमोजणीची मागणी केली, परंतु ते तिसरे असल्याचे कोणी ध्यानी आणून देताच घोड्यास वैरण घालावयाची म्हणोन निघोन गेले. मारला येऊन एल्विन यांचा हात हाती घेऊन उभी राहिली.

विजयाची नोंद येथे पुरी जाली. राहिली ती डोरिनबाईंची.

एक मत! बाईंनी ते पुन्हा पुन्हा मोजिले, आणि दर खेपेस ते आपलेच निघाले. लोक पांगले. एल्विन आपल्या पिकअपला टेकून एकटे उभे होते. बाई सर्व धैर्य गोळा करून चालून गेल्या.

"एल्विन, मला तुम्हांला एक सांगायचंय. मी—"

"आधी मला सांग. मतपत्रिकेवर पहिलं नाव कुणाचं होतं गं?"

"मारलाचं. का?"

एल्विन आधी गालात आणि मग पोट धरून हसले, इतके की चश्मा काढावा लागला. "अठ्ठावीस वर्षं पहिलं माझंच असायचं! मी आपला पहिला गोल भरून मोकळा झालो."

"पण... वाचलं नाहीत तुम्ही?"

एल्विन यांनी खिशातून गाडीची किल्ली काढिली, बाईंचा हात चाचपून शोधिला, आणि ती तळव्यावर ठेवून वरून बोटे मिटविली.

"मला धड दिसत नाही गं, डोरिन. नाताळापासून. मारलाची पत्रंही टेबलावर तशीच पडलीयत. समोरून कोण येतंय ते कळतच नाही, आणि एखाद्याला बोट करायचं राहिलं तर त्याला वाईट वाटेल... म्हणून जे उभं दिसेल, त्याला करतो."