विलायती ढोल आणि खुडूक कोंबडीचा वेढा

श्री रेणुकाई प्रसन्न. शके १९११ शुक्लनाम संवत्सरी, माघमासी, जालना शहरीचे राजमान्य राजश्री गिरिधरपंत, सरकारी कचेरीतील कारकून, यांणी पिंपळगाव रेणुकाईच्या मुक्कामी विलायती ढोलांस वेढा कैसा घातला, जेरीस कैसे आले आणि फत्ते कोणत्या शर्तीवर पावली, ही हकीकत पुसाल तर ती येणेप्रमाणे. लिहिणाराने पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास ते शोभेपुरते.

मोहिमेचे मूळ एका टेपरेकॉर्डरात. पंतांचे यंत्र बिघडले ते त्यांणी सालोमनमास्तर भालेराव यांच्या दुकानी दुरुस्तीस टाकिले, आणि मास्तरांनी ते नीट करून दिले, आणि आपली कॅसेट आत विसरले. मग पंतांनी घरी बटण दाबिले तो अभंगाऐवजी इंग्रजी रॉकचा कल्लोळ उठला. गाणारा कोकलतो आहे, गिटारवाला खवळला आहे, आणि त्या दंगलीच्या पिछाडीस ढोल वाजविणारा गृहस्थ मात्र जेवण होऊन सुपारी कातरीत बसल्यासारखा बसला आहे. घाई नाही, आदळआपट नाही. ठोका आता पडेल म्हणून कान टवकारावा तो पडत नाही, आणि नाद सोडावा तो अलगद पडतो. एके जागी तर त्याने एक ठोका समूळ गाळिला होता, आणि पंत त्या रिकाम्या जागेत दर खेपेस पायरी चुकल्यासारखे पडत, आणि पुन्हा पडता यावे म्हणोन कॅसेट मागे फिरवीत. तीन आठवडे ऐसे चालता कुटुंब सौभाग्यवती ताराबाई यांणी फर्मान काढिले की, या घरी एकतर ते यंत्र राहील किंवा मी. मग पंत कॅसेट घेऊन दुकानी गेले आणि वाजविणारा कोण, ऐसे अदबीने पुसते जाहले.

"मीच," मास्तर बोलले, आणि रेडिओच्या पोटातून मान वर केली नाही.

रुजवात घेता कळले ते ऐसे की, बहात्तर साली मास्तर सिकंदराबादेस एका हॉटेलात ढोल वाजविण्याच्या चाकरीस होते, आणि कॅसेट तेथलीच. दुकानाच्या भिंतीवर तेव्हाची तसबीर होती. तीत चौसष्ट साली विलायतेत घडलेला ढोलसंच, शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा निळा-पांढरा झळकणारा, कातडी अस्सल, कड्या रुपेरी, आणि मागे मास्तर, कल्लेदार, बेफिकीर. पुढे हॉटेलातले वादन बंद पडले, मग संच जालन्याच्या एका ऑर्केस्ट्रास दिला, मग ऑर्केस्ट्राही मोडला, आणि संच पिंपळगावच्या बद्रीनाथ पाटलांनी नेला, कारण गावात बँड काढावा ऐसा त्यांचा मनसुबा होता. तो मनसुब्यातच राहिला. आणि मास्तर तर दहा दिवसांनी, बुधवारी, दुकान मोडून लेकीकडे नागपुरास कायमचे जाणार होते.

हे ऐकता पंतांच्या काळजाचे पाणी जाहले. मास्तरांस त्याच संचावर एकदा वाजविताना पाहिल्याविना जाऊ देणे नाही, ऐसा विडा उचलून त्यांणी त्याच दिवशी, रविवारीच, एकट्याने कूच केले, आणि एसटीने भोकरदन, तेथून जीपने पिंपळगाव, ऐसे मजल दरमजल करीत पाटलांच्या ओसरीवर दाखल जाहले.

तेथील देखावा काय वर्णावा! मधला ढोल पाण्याच्या माठाखाली तिवई होऊन उभा. छोटा ढोल शेंगा वाळवावयास. एक झांज दुधाच्या पातेल्यावर झाकण, दुसरी ज्वारीच्या रानात पाखरे उडवावयास बांधलेली. आणि संचाचा बालेकिल्ला जो मोठा ढोल, पायाने वाजवायचा, त्याचे पुढचे कातडे उंदरांनी खाल्ले होते, आत कडब्याचा चुरा भरला होता, आणि चुऱ्यावर तांबडी खुडूक कोंबडी अकरा अंड्यांवर ठाण मांडून बसली होती.

बद्रीनाथराव भला माणूस. त्यांणी संच न्यावयास रुकार दिला, परंतु किल्ल्याची किल्ली त्यांच्या कमरेस नव्हती. ती त्यांच्या मातुश्री नंदाबाई यांजपाशी.

"चार दिस झाले बसल्याली हाय," मातुश्रींनी जाहीर केले. "आत्ता उठवली तर अंडी तुमची बायको उबवणार का?"

पंतांनी टोपले देऊ केले. मातुश्रींनी ते नामंजूर केले, कारण गेल्या खेपेस बोक्याने टोपल्यातून सगळी अंडी उचलली होती, आणि या नगाऱ्यात शिरायला मेला भितो, ऐसा त्यांचा अनुभव होता. पंतांनी फळ्यांचे खोके सुचविले, तेही फेटाळले. मग पंतांचा धीर सुटला, आणि मातुश्री पाणी आणावयास आत जाताच त्यांणी खासा हल्ला चढविला, दोन्ही हात आत घातले, आणि तांबडीने अंगठ्यास ऐसा डंख दिला की पंत बोंब ठोकून अंगणात आले. बद्रीनाथराव खांबाआड हसले. फौज नामोहरम होऊन जालन्यास परतली.

घरी ताराबाईंनी अंगठ्यास हळद बांधिली आणि मसलत दिली. "टोपलं घेऊन कोंबडीशी भांडून काय राह्यलात? ढोल येत न्हाईत, पण वाजवणारा तर येतो ना? मास्तरांनाच घेऊन जा."

पंतांस हे सुचले नव्हते. पुढील रविवारी त्यांणी मास्तरांस घेऊन पुन्हा कूच केले, आणि जीपमध्ये चौदा माणसांत चेंगरून बसले असता तो गाळलेला ठोका कोणत्या अकलेने गाळिला, हे पुसून घेतले.

मास्तरांनी आठवून पाहिले. "आँ, तो? काडी सुटली हातातून. पायाखाली शोधून राह्यलो होतो."

पंतांचा चेहरा काळा ठिक्कर पडला. तीन आठवड्यांची भक्ती पाण्यात गेली, आणि पुढले तीन कोस ते खिडकीबाहेर पऱ्हाट्या बघत राहिले. मग मास्तर आपणहून बोलले, "गाणं झालं तर गिटारवाल्यानं मिठीच मारली. म्हणे, काय सोडलंस यार! मंग काय, रोजच सोडायलो तिथं."

पंतांच्या जिवात जीव आला.

ओसरीवर मास्तर संचासमोर उभे राहिले. मग त्यांणी माठ उतरविला, शेंगा सुपात ओतल्या, पातेल्यावरची झांज पुसली. रानातली झांज आणावयास बद्रीनाथराव जातीने धावले. मोठा ढोल ज्या पायपट्टीने ठोकायचा, ती गंजली होती, तीस खोबरेल लाविले. मग मास्तर वाकून मोठ्या ढोलात बघते जाहले, आणि तांबडी त्यांजकडे बघती जाहली.

"राहू द्या तिला," मास्तर म्हणाले. "मी वरवर वाजवतो."

आणि सरकीच्या पोत्यावर बैठक घालून त्यांणी मोठा ढोल वगळून आरंभ केला. डावी काडी कातड्यापासून दोन बोटे वर उठत नव्हती, उजवी झांजेवर पाण्यात बोट बुडवावे तैसी पडत होती. चेहरा एसटीची वाट पाहणाऱ्याचा. पंतांस वाटले की मनगटे साठीची असतील, परंतु काळाने त्यांजकडून दमडीही वसूल केलेली नाही. आणि तरी पंतांचे डोळे भरले ते सुखाने नव्हे, कारण खाली पाया नव्हता. इमारत अधांतरी उभी होती, आणि मास्तरांचा उजवा पाय पायपट्टीवर पडू पाहून दर वेळी मागे फिरत होता.

नंदाबाई काठी घेऊन पहाऱ्यास उभ्या होत्या. त्यांणी तो पाय पाहिला.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. मग त्यांणी काठी भिंतीस टेकविली, चुऱ्यात हात घातला, एक एक करून अकरा अंडी पदरात घेतली, तांबडीस काखेत मारिली, आणि खांबास टेकून मांडी घालून बसल्या. अंडी मांडीत, अंड्यांवर कोंबडी, कोंबडीवर पदर. तांबडीने ब्र काढिला नाही.

"आता वाजवा. पण जल्दी, गार व्हतील."

मास्तरांनी पाय टाकिला. आतला कडब्याचा चुरा तैसाच होता, त्यायोगे आवाज दबका, गोल आला, आणि मास्तर पहिल्याने हसले. "सिकंदराबादेत मी आत चादर कोंबायचो," म्हणाले, "पण कडबा बेष्ट!"

मग जे जाहले ते लिहिण्यास लेखणी अपुरी. खालून पाया आला, आणि डाव्या काडीची कुजबुज त्यावर बसली, आणि झांजेने वरून छप्पर घातले, आणि बद्रीनाथरावांचा बँडचा जुना मनसुबा त्यांच्या गुडघ्यांत जागा होऊन गुडघे हलू लागले, आणि गिरिधरपंत तोंड उघडे टाकून बसले. एका गाण्याभर हे चालिले आणि थांबले. टाळी कोणी वाजविली नाही. नंदाबाईंचे तर दोन्ही हात गुंतलेले.

मास्तर काड्या आवरू लागले, तो मातुश्रींचा हुकूम सुटला.

"अजून एक होऊ द्या. मी बसते."

येणेप्रमाणे माघ वद्यात रविवारी, दोन प्रहरी, किल्ला दोन गाण्यांपुरता सर जाहला, आणि लगोलग मूळ शिबंदीच्या हवाली केला. बुधवारी मास्तर नागपुरास रवाना झाले. अकरा अंड्यांपैकी नऊ फुटली, नऊही पिल्ले धडधाकट. ढोल ज्यांचे होते त्यांजकडेच राहिले, पंतांनी जे ऐकायचे ते ऐकिले, आणि आमचेकडील नुकसान म्हणाल तर एक अंगठा, तोही बरा झाला. याहून मोठी फत्ते या जिल्ह्यात कोणास झाली असल्यास त्याने पुराव्यानिशी कळवावे. तूर्त दौत कोरडी पडली.