तराजूवाल्या काकांची चिठ्ठी

"डाव मोडला तर ओरडून सांगावं, नाहीतर कुणीतरी कपाटात बसून राहतं," असं आई तिला लहानपणी बजावायची. तिने ते कधी मनावर घेतलं नाही. लपाछपीत राज्य आलं की ती सरळ घरी जेवायला निघून जायची. कपाटात बसून राहणारा धाकटा भाऊ असायचा.

आता ती दीड वर्षाच्या मुलीची आई होती आणि वजनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. दुकानांतली, दवाखान्यांतली वजनं तिथे येत, काचेच्या खोलीतल्या नाजूक तराजूवर चढत आणि खरी ठरली तर शिक्का घेऊन परत जात. त्या खोलीत मोबाइल न्यायचा नाही, मध्येच दार उघडायचं नाही, शिंक आली तर गिळायची. त्यामुळे बाहेरच्या टेबलावरच्या फोनचा नंबर तिने पाळणाघराला तीनदा लिहून दिला होता.

त्या दिवशी डबे उघडले आणि तिला कॉलेजातलं कोडं आठवलं.

"दोन पहारेकरी. एक कायम खरं बोलतो, दुसरा कायम खोटं. बोलायचं फक्त हो किंवा नाही. कोण कसा ते ओळखायचं."

"मग खेळूनच बघू की!" शिक्केवाली म्हणाली. ही प्रमाणपत्रांवर शिक्के मारायची आणि बोलताना अर्धं हसण्यावारी न्यायची. "टाका चिठ्ठ्या. मी आणि काका पहारेकरी."

"आधी नियम," तराजूवाले काका म्हणाले. तीस वर्षांत या माणसाने एका मिलिग्रॅमचीही थाप मारली नव्हती. "नियमाशिवाय मी डब्याचं झाकणसुद्धा उघडत नाही."

"काका, डबा उघडाच आहे तुमचा."

"तो नियमाने उघडलाय."

शेवटी नियम तिनेच घातला. उत्तर दोघांसमोर सांगायचं. तोवर कुणी सुटायचं नाही. काकांनी चिठ्ठी वाचली, चार घड्या घालून खिशात ठेवली आणि बदलीचा हुकूम आल्यासारखा चेहरा केला. तेवढ्यात सुट्टी संपली. एक किलोचं वजन तराजूवर वाट बघत होतं. ती आत गेली, प्रश्न राहून गेला.

तीनच्या सुमाराला काचेतून तिला दिसलं की बाहेरचा फोन वाजतोय. काकांनी तो उचलला, ऐकलं, शिक्केवालीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मग दोघांनी तिच्याकडे पाहिलं. एक किलो तसंच सोडून ती बाहेर आली.

"पाळणाघराचा फोन होता?"

"नाही," काका म्हणाले.

"हो," शिक्केवाली म्हणाली.

"ताप आलाय का तिला?"

"हो," काका.

"नाही!" शिक्केवाली. तिला हसू आवरत नव्हतं.

"हसतेस काय? खेळ पुरे! काका, तुम्ही खरं बोलताय ना? आणि तू?"

"हो," काका म्हणाले.

"हो," शिक्केवालीही म्हणाली.

तिने पाळणाघराला फोन लावला. एंगेज. परत लावला. परत एंगेज. मग तिने कॉलेजातलं रामबाण अस्त्र काढलं. "काका, मुलीला ताप आहे का असं मी हिला विचारलं, तर ही 'हो' म्हणेल?"

"हो," काका खाली मान घालून म्हणाले.

या प्रश्नाची गंमत अशी की उत्तर कुणीही दिलं तरी ते उलटंच येतं. ते आपण परत उलटवून घ्यायचं. हे तिला पाठ होतं. पण 'हो' ऐकल्यावर आईच्या डोक्यात काही उलटवायला जागा राहत नाही. शिवाय एकीकडे तीस वर्षं खरं बोललेला माणूस, दुसरीकडे खिदळणारी पोर. तिने पर्स उचलली आणि धूम ठोकली.

"अगं, नाहीये ताप! खरंच नाहीये!" शिक्केवाली जिन्यापर्यंत ओरडत आली.

"खोटारडी!" ती खालून म्हणाली.

दुसऱ्या चौकात सिग्नलला उभी असताना तिला आठवलं, उलटवायचं राहिलं. पण अर्ध्या वाटेवरून परत फिरेल ती आई कसली?

मुलगी पाळणाघरात दुसऱ्या कुणाचा तरी बूट चावत बसली होती. पाळणाघरवाल्या बाई दारातच कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"मीच केला होता फोन. सांगायला, की पोर ठणठणीत आहे आणि तुम्ही सकाळपासून सहा फोन केलेत. आता करू नका म्हटलं. तरी भरवसा नाही, म्हणून रिसीव्हरच काढून ठेवला!"

मुलीला कडेवर घेऊन ती तशीच घरी गेली. बूट तेवढा परत द्यावा लागला.

संध्याकाळी काकूंचा, म्हणजे काकांच्या बायकोचा फोन आला. आवाज कापरा.

"अगं, आज ऑफिसात काही झालं का? हे धड बोलतच नाहीत. बरं आहे ना विचारलं, तर नाही म्हणाले. दुखतंय का? तर हो. छातीत? तर हो! डॉक्टरांनी विचारलं तरी तेच. मशीनला वायरी लावून बसवलंय दवाखान्यात. मशीन म्हणतं काही नाही, हे म्हणतात आहे."

"काकू, फोन द्या त्यांना. काका, ओळखलं मी! खोटं बोलणारे तुम्हीच! डाव मोडला ना आता? मोडला!"

"हो," काका म्हणाले.

"आता खरं बोलाल ना?"

"हो."

"मग तुम्हाला काही होतंय का?"

"नाही."

तिने निश्चिंत होऊन फोन ठेवला, आणि मग तिला स्वतःचाच नियम आठवला. दोघांसमोर सांगायचं. शिक्केवाली तर संध्याकाळच्या गाडीने गावी गेली होती, थेट सोमवारी येणार होती. आणि काका नियमाशिवाय डब्याचं झाकणसुद्धा उघडत नाहीत. म्हणजे डाव अजून चालूच, आणि ते शेवटचं 'नाही' उलटवायचं राहिलं.

ती स्वतःच गेली असती. पण मुलगी तिच्या मांडीवर झोपलीय आणि अंग आता खरोखरच जरा गरम लागतंय. तेव्हा तिची विनंती तुम्हालाच आहे. त्या दवाखान्यावरून जाणार असाल तर आत डोकावून या. तराजूवाले काका म्हटलं की कुणीही दाखवेल. त्यांना काही विचारू नका. नुसतं बघा, आणि कसे दिसतात ते तिला कळवा.