पाणमांजराच्या खरेपणाबाबत

निसर्गात सगळे गुण आहेत, फक्त वक्तशीरपणा नाही. सूर्य तेवढा वेळेवर येतो, बाकी सगळा आनंदीआनंद. वाघाला सकाळी अकराची वेळ द्यावी, तर तो चार दिवसांनी उगवतो, तोही पाठमोरा, आणि झुडपामागे बसून निवांत पंजा चाटतो. असल्या बेजबाबदार कलाकारांना हाताशी धरून वन्यजीव चित्रण मंडळाने सदतीस वर्षं चित्रपट काढले, याबद्दल मंडळाचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

पण सोसण्यालाही मर्यादा असते. मंडळाने 'भविष्याभिमुख प्राणी धोरण' जाहीर केलं. यापुढे प्राणी कम्प्युटरवर तयार होतील. परिपत्रकात फायदे दिले होते: हा प्राणी सांगितल्या वेळी येतो, कॅमेऱ्याकडे तोंड करून शिकार करतो, त्याची पिल्लं गोंडस असतात आणि दर वेळी वाचतात. शिवाय जळवा लागत नाहीत. पूर्वी एका मिनिटाच्या दृश्यासाठी सरासरी चारशे बारा तास बसावं लागे. आता चाळीस सेकंद लागतात (त्यातले तीस, प्राणी नर हवा की मादी या चर्चेत जातात).

मंडळात चौदा कॅमेरामन होते. तेरा जणांना एकेक दुर्बीण देऊन निरोप दिला (आता नुसतं बघा, असा त्याचा अर्थ). चौदावा तेवढा राहिला. त्याला सगळे बगळा म्हणत, कारण तो सहा-सहा तास एका जागी न हलता बसे.

बगळा राहिला तो मंडळाने केलेल्या एका प्रेक्षक-पाहणीच्या कृपेने. प्रेक्षकांना प्राणी कसाही चालतो, पण शेवटची दहा मिनिटं तो प्राणी टिपण्यासाठी हाल सोसलेला माणूस दिसावा लागतो, असा त्या पाहणीचा निष्कर्ष होता. माणसाच्या पँटला चिखल असेल तर प्राण्यावरचा विश्वास चौसष्ट टक्क्यांवर जातो. चिखल गुडघ्यापर्यंत असेल तर त्र्याऐंशी. सबब 'प्रतीक्षा अधिकारी' हे पद निर्माण झालं आणि बगळ्याची त्यावर नेमणूक झाली. काम एकच, वाट बघताना दिसणं.

त्यासाठी तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात, झेरॉक्स मशीन आणि पाण्याचं पिंप यांच्या मधोमध हिरव्या कापडाचं लपण (प्राण्यांना दिसू नये म्हणून आत दडून बसायचा तंबू) उभारलं गेलं. चिखल बादलीत कालवून मेकअपवाली ब्रशने लावायची (दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा). बगळा लपणात शिरला आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने गुपचूप बसला. मध्ये एक बिस्कीट खाल्लं. चाळीस मिनिटांनी दिग्दर्शिका वैतागली.

"अहो, तुम्ही नुसते बसलायत!"

"वाट बघतोय."

"ते दिसत नाहीये ना! घड्याळ बघा, सुस्कारा सोडा. घरची आठवण काढा जरा."

बगळ्याने घरची आठवण काढली. त्याबरोबर त्याचा चेहरा असा काही उतरला, की दृश्य पहिल्याच फटक्यात मंजूर झालं.

घरी बायको होती आणि एक लेक. लेकीचे सतरा वाढदिवस होऊन गेले होते, त्यातल्या तीन वाढदिवसांना बाप हजर होता (तिसऱ्याला कॅमेरा बिघडला म्हणून). लेक चिडत नसे. बाबा काय करतात असं कोणी विचारलं, तर "बसतात" एवढंच सांगे. बगळ्याच्या ते फार जिव्हारी लागायचं.

त्या सगळ्यावर त्याच्याकडे एकच उत्तर होतं, चार मिनिटांचं. शहराच्या बस आगारामागे, जुन्या पुलाखालच्या ओढ्यात, रोज सकाळी सव्वासहाला एक पाणमांजर येतं. कोणाला पत्ताच नाही, कारण तिथे येणारा प्रत्येक जण बसकडे बघत असतो. बगळा तिथे अकरा वर्षं सवड मिळेल तशी बसला होता. गेल्या वर्षी त्या पाणमांजराने (ती मादी निघाली) पिल्लाला मानेला धरून आणलं आणि पाण्यात टाकून दिलं. पिल्लू किंचाळलं, धडपडलं, आईच्या पाठीवर चढलं. आईने सरळ बुडी मारली आणि पिल्लू पोहायला लागलं. हे सगळं बगळ्याने टिपलं. मात्र टिपलेलं सगळं मंडळाच्या मालकीचं, ते बाहेर किंवा घरी दाखवायचं नाही, असं कलम नऊ सांगत होतं ('घरी' या शब्दाखाली रेघ होती). म्हणजे ते चित्रपटातच यायला हवं. लेकीने एकदा ते बघावं आणि "बरं, यासाठी बसायचास होय," एवढं म्हणावं, यापलीकडे त्याला आयुष्याकडून काही नको होतं.

चार मिनिटं सत्यता पडताळणी समितीकडे गेली. समितीने दोनशे प्रेक्षकांना खरं पाणमांजर आणि कम्प्युटरचं पाणमांजर शेजारी शेजारी दाखवलं. एकशे ब्याऐंशी जणांनी खऱ्याला खोटं ठरवलं. कारणं नोंदवली गेली: केस चिकट दिसतात, मादी मध्येच चाळीस सेकंद पोट खाजवते, कथानक पुढे सरकत नाही, पिल्लू बेताचंच आहे. पण घात केला तो आवाजाने.

इथे खुडबुडताईची ओळख करून द्यायला हवी. मंडळाच्या चित्रपटांतले सगळे आवाज बावीस वर्षं ती एका छोट्या खोलीत बसून काढत होती. हत्तीची पावलं म्हणजे तिची उशी. गरुडाची झेप म्हणजे तिची फाटकी छत्री. आणि पाणमांजर म्हणजे स्टीलच्या डब्याच्या झाकणावर घासलेला ओला रबरी हातमोजा. लोकांनी लहानपणापासून तेच पाणमांजर ऐकलेलं. खरं पाणमांजर शीळ घातल्यासारखं चिवचिवलं, तेव्हा एकशे अठरा प्रेक्षकांनी खिशातले फोन तपासले.

समितीचा शेरा आला: 'सदर पाणमांजर पाणमांजरासारखे नाही. सबब नामंजूर.'

खुडबुडताईला रडूच फुटलं. "दादा, माझ्या मेल्या हातमोज्याने तुझा गळा कापला रे!" ती म्हणाली. मग तिने डोळे पुसले आणि हळूच सांगितलं, "पण शेवटची फाइल माझ्या हातून जाते, बरं का."

आणि तशी ती गेली. कम्प्युटरचं पाणमांजर बाहेर, खरं आत, आवाजासकट.

पहिल्या खेळाला मंडळाचं सभागृह भरलं होतं. बगळ्याच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला लेक. पडद्यावर ओढा आला, पाणमांजर आलं, पिल्लू पाण्यात पडलं. बगळ्याने खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला होता. अकरा वर्षांत त्याला वेळ इतका जड गेला नव्हता.

"बाबा," लेक त्याच्या कानाशी कुजबुजली, "हे कम्प्युटरचं आहे ना? लगेच कळतं. आवाज तर काहीच्या काही!"

तेवढ्यात शेवटची दहा मिनिटं सुरू झाली. हिरवं लपण, गुडघ्यापर्यंत चिखल, घड्याळ, सुस्कारा. लेकीने त्याचा हात हातात घेतला. तिचे डोळे वाहत होते.

"इतकी वर्षं तू असा बसायचास? मला कधी कळलंच नाही रे बाबा."

त्या दहा मिनिटांना उभं राहून टाळ्या पडल्या. खोट्या पाणमांजराबद्दल एक हजार तीनशे चाळीस तक्रारी आल्या. मंडळाने दिलगिरी व्यक्त केली आणि पुढच्या आवृत्तीत कम्प्युटरचं, म्हणजे अधिक विश्वासार्ह, पाणमांजर घालण्याचं आश्वासन दिलं. खुडबुडताईला दुर्बीण मिळाली. बगळ्याला बढती आणि चिखलाची दुसरी बादली.

त्या दिवशी घरी जाताना बगळ्याने लेकीला सगळं खरं खरं सांगून टाकलं. कलम नऊसुद्धा.

"मग मला नेऊन दाखव की," ती म्हणाली. "या रविवारी जाऊ. नक्की."

त्या रविवारी तिचा क्लास निघाला. पुढच्या रविवारी मैत्रिणी आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी थंडी होती.

आता पुलाखाली रोज तीन घडीची स्टुलं मांडलेली असतात. एकावर बगळा. दुसऱ्यावर खुडबुडताई, दुर्बीण लावून (हातमोजा ती घरीच ठेवते). तिसरं रिकामं. बगळा घड्याळ बघत नाही, सुस्कारा सोडत नाही. वाट बघतोय असं कोणाला वाटणारही नाही.

तुम्हाला लेकीचा राग आला असेल. साहजिक आहे. इतकं जवळ, फुकट, आणि तरी जायला होत नाही म्हणजे काय! पण जागा आणि वेळ तुम्हालाही मघाशीच सांगितली होती. किती वाजता येतं पाणमांजर? आठवत नसेल तर राहू द्या. गुडघ्यापर्यंतच्या चिखलाचे टक्के मात्र बरोबर लक्षात असतील.