नव्वद दिवसांची यादी

सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ त्या सकाळी कचेरीत आले, संगणकापुढे बसले आणि त्यांना कळलं, की आपण आता इथले कुणीच नाही. पडद्यावर लिहून आलं होतं, ‘हे खातं बंद करण्यात आलं आहे.’

बंद केलं होतं त्यांनीच. मुख्य कचेरीचा हुकूम होता : नव्वद दिवस वापरलं नाही ते खातं बंद करा आणि यादी आम्हाला पाठवा. गृहस्थांनी त्याचीही स्क्रिप्ट चार महिन्यांपूर्वीच लिहून ठेवली होती; हुकमाप्रमाणे ती त्या सकाळी पहिल्यांदा चालली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकदाच लिहून दिलेल्या सूचना. पुढे तो आपला आपण राबतो. नकला ठेवायच्या, जुनं साफ करायचं, अडलेलं पुन्हा सुरू करायचं, सगळ्याला त्यांच्या स्क्रिप्ट होत्या. कष्ट टाळण्यासाठी हा माणूस दोन वर्षं मरमर राबला होता. मग स्वतःच्या खात्यात जायची त्यांना गरजच उरली नाही. दिवसभर ते खिडकीबाहेर बघत आणि हे कुणाला कळलं तर आपली नोकरी जाईल, या काळजीनं झुरत. वय त्रेपन्न. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

त्यांनी कर्मचारी विभागातल्या बाईंना फोन लावला.

“खातं उघडायचा अर्ज भरा,” बाई म्हणाल्या. “तो सर्व्हरवाल्यांकडे जातो.”

“सर्व्हरवाला मीच.”

“मग करा की मंजूर!”

“अहो, मला आत जाता येत नाहीये.”

“मग आत जाता आलं की करा. त्यात काय एवढं?”

बाईंनी ही गंमत चार टेबलांवर सांगितली. पाचव्या टेबलापाशी साहेब उभे होते. त्यांनी गृहस्थांना आपल्या खोलीत बोलावून घेतलं.

“सर्व्हर चालू आहेत?”

“हो साहेब, व्यवस्थित.”

“चालवतंय कोण?”

गृहस्थांना खोटं बोलता येत नसे. ऐन वेळी तर मुळीच नाही. “स्क्रिप्ट,” ते म्हणाले.

“म्हणजे तीन महिने तुम्ही काहीच केलं नाही?”

“लक्ष ठेवून होतो.”

“खिडकीतून?”

गृहस्थांचं तोंड एवढंसं झालं. घरी बायकोला काय सांगायचं, याची जुळवाजुळव ते उभ्या उभ्याच करू लागले. साहेबांची सगळी पत्रं एरवी बाईच टाइप करत. पण हे पत्र कामावरून काढण्याचं, म्हणून ते स्वतः संगणकाकडे वळले. पासवर्ड टाकला. पुन्हा टाकला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा टाकला.

“हे काय म्हणतंय?”

गृहस्थांनी मोबाइलवर आलेली यादी उघडली. सकाळपासून त्यांनी तिच्यात फक्त स्वतःचं नाव पाहिलं होतं.

“साहेब, सगळ्यात जास्त दिवसांचं नाव वर येतं. तुम्ही पहिले आहात. दोनशे अकरा दिवस.”

साहेबांनी खोलीचं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, “यादी थांबवता येईल?”

“गेली, साहेब. नऊला जाते. आपोआप.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजू लागला. मुख्य कचेरीचा नंबर होता. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. उचलला कुणीच नाही.

“बसा,” साहेब म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले.