एका क्रियापदासाठी

“आहे ते चाललंय ना? मग हात लावू नका. एक बदललंत की दुसरं बदलावं लागतं.” पडदे असोत की नळ, बायकोचं सांगणं हे एवढंच असायचं. ती गेल्यावर शाळेच्या निवृत्त पर्यवेक्षकांनी ते तीन वर्षं पाळलं. मग मोडलं, तेही तिच्यासाठीच.

घरात एक कॅसेट होती. परगावच्या बहिणीला पत्र लिहिण्याऐवजी बायको कॅसेट भरून पाठवायची. ही शेवटची पाठवायची राहून गेली. रोज सकाळी आंघोळ झाली की पर्यवेक्षक ती लावून बसत. अंगात ताप असतानाही हा नेम चुकला नव्हता. शिवता शिवता ती बोलत होती, आणि मध्येच एक वाक्य होतं: “खरं सांगू का ताई, हे... की घर कसं बरं वाटतं.” ‘हे’ म्हणजे पर्यवेक्षक, यात वाद नव्हता. पुढचं क्रियापद मात्र घरघरीत बुडालं होतं.

“‘आले’ असणार,” ते लेकीला म्हणाले. “हे आले की घर बरं वाटतं.”

“तेच असेल, बाबा. मग आणखी काय ऐकायचंय?”

“‘असेल’ला मार्क नसतात.”

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, आणि तोही पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसंच बोले. “ॲम्प्लिफायर गेल्यातच जमा आहे, काका. मन घट्ट करा.”

नवा ॲम्प्लिफायर आला. त्यातून तिचा पहिलाच शब्द निघाला आणि जुन्या स्पीकरचा कागद टर्रकन फाटला.

“ताकद सोसली नाही बिचाऱ्याला,” डॉक्टर म्हणाला.

मग स्पीकर आले. छातीएवढे उंच. ते ठेवायला एकच कोपरा होता आणि तिथे तिचं शिलाई मशीन होतं. पर्यवेक्षक मशीनवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग बापलेकीने ते उचलून गॅलरीत नेलं, वर प्लॅस्टिक टाकलं. तिचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून तिलाच बाहेर बसवल्यासारखं झालं.

घरघर कमी झाली, पण आता कढईत काहीतरी तळत असावं तसा आवाज येऊ लागला.

“टेपवरचा आवाज उचलणारं हेड झिजलंय,” डॉक्टरने निदान केलं. “आधी कळत नव्हतं, कारण बाकीचं सगळंच खराब होतं.”

“म्हणजे मी बिघडवलं?”

“सुधारलंत, काका. सुधारलं की असंच होतं.”

हेडही बदललं. डॉक्टरने एक बारीकसा स्क्रू केसभर फिरवला, आणि खोलीत कोणीतरी दातांनी दोरा तोडला. लेकीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

“खरं सांगू का ताई, हे गेले की घर कसं बरं वाटतं.” आणि पुढे, अगदी हळू, आजवर कधीच ऐकू न आलेलं: “पाठीमागे उभं राहून टाके तपासतात गं. तासभर बाहेर गेले तरी पुरे.”

पर्यवेक्षकांनी कॅसेट थांबवली.

“बाबा, गेले म्हणजे बाहेर गेले,” लेक म्हणाली.

“व्याकरण मला शिकवू नकोस.”

डॉक्टर स्क्रूड्रायव्हरकडे बघत म्हणाला, “हवी तर घरघर परत आणता येईल. जुनं हेड टाकलेलं नाही मी.”

“नको. उत्तर बरोबर आहे,” पर्यवेक्षक म्हणाले. “माझंच चुकलं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आंघोळ केली आणि कॅसेट पहिल्यापासून लावली. खुर्चीत मात्र बसले नाहीत. चपला घालू लागले.

“कुठे निघालात?” लेकीने विचारलं. “आई बोलतेय ना.”

“बोलू दे. ही बाजू संपेपर्यंत घरात यायचं नाही, असं कबूल केलंय तिला.”

त्यांनी दार आवाज न करता ओढून घेतलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले.